चाकामागचा दगड

ट्रक बोलायचे आणि रस्त्यावरचे दगडही त्यांना उत्तर द्यायचे, त्या काळची गोष्ट. भैरू नावाचा म्हातारा ट्रक टोमॅटो भरून घाट चढत होता. ऐन चढणीला त्याची नवीकोरी क्लचप्लेट घसरायला लागली. इंजिन नुसतंच बोंबलत होतं, चाकं काही पुढे जाईनात. वर्षातली ही तिसरी प्लेट! भैरू मागे घरंगळणार, तेवढ्यात ड्रायव्हरने चाकामागे रस्त्याकडेचा दगड लावला.

भैरू डॅशबोर्डवरच्या वॉरंटी कार्डावर खेकसला, "काय रे, छातीठोक हमी दिली होतीस ना?"

"दिलीय की!" कार्ड गोड हसलं. "प्लेट बदलून मिळेल. फक्त गाडीत माल नसावा, रस्ता चढाचा नसावा आणि क्लच फार दाबलेला नसावा."

"अरे शहाण्या, मग प्लेट काय देव्हाऱ्यात ठेवू? आणि मला बदलून मिळणारी नकोच, टिकणारी हवी!"

"टिकेल असं माझ्यावर कुठे लिहिलंय?"

भैरूने कपाळाला हात लावला असता, पण हात नव्हते. वैतागून त्याने खाली दगडाला विचारलं, "आणि तुझी हमी किती दिवसांची रे?"

दगड दातओठ आवळून म्हणाला, "नंतर बोलू, बाबा. आत्ता तुला धरलंय."