धाकू मेस्त्रीचा उलटा खांब

फार मागची गोष्ट. तेव्हा पाचखोल गावात लोखंडाचा खिळा कुणी पाहिलाही नव्हता. घरं उभी राहायची ती लाकडाच्या खाचेत खाच बसवून, आणि धाकू मेस्त्रीने पाडलेल्या खाचेतून मुंगीलाही वाट मिळत नसे, असं म्हणतात.

गावाने त्याला देवीच्या मंडपाचं काम सांगितलं. धाकूने ऐनाच्या लाकडाचे चार खांब असे काही तासले, की बुंधा कुठला नि शेंडा कुठला, ओळखू येईना. वर तुळया चढल्या, वासे चढले, कौलांचे नळे शाकारले. गाव खूश झालं. हुशार माणूस चुकतो तो हुशारीपायीच, दुसरं काय!

पालखीच्या दिवशी सकाळी धाकूची नजर एका खांबाच्या गाठीवर गेली. फांदी वर जाते, म्हणून तिची गाठही वर कलते. ही खाली कललेली होती. म्हणजे खांब उलटा! झाड जसं उभं होतं तसाच खांब उभा करायचा, हा सुताराचा पहिला धडा. उलटा खांब ओल ओढतो, आतून कुजतो आणि एक दिवस छप्पर माणसांच्या डोक्यावर आणतो. त्यातून पालखी एकदा आत टेकली की खांबाला हात लावायचा नाही, असा गावाचा रिवाज.

"कोणाक कळतला, मेस्त्री? गप ऱ्हवा," गावचे मानकरी असलेले गावकर म्हणाले.

"माका कळला मां," धाकू म्हणाला. "खांब काढा. तुळई मी धरतंय. तुमी सांगशात तवसर मी हलूचंय नाय."

त्याने तुळईखाली खांदा दिला. सारं छप्पर त्या एका माणसावर आलं. त्याचे पाय जांभ्या दगडाच्या जमिनीत घोट्यापर्यंत रुतले, असं म्हणतात. लोकांनी खांब काढला, फिरवला, ठोकून जागी बसवला. तेवढ्यात वेशीवर ढोल वाजले आणि सगळे पालखीकडे धावले. खांब बसला, हे धाकूला सांगायचं राहूनच गेलं.

त्याचा खांदा केव्हाच बधिर झाला होता. भार उतरला हे त्याला कळणार कसं? पालखी आली, नाचली, टेकली. आरती झाली. लोकांना वाटलं, मेस्त्री आपलं काम निरखत उभा आहे. गावकर प्रसाद घेऊन गेले, तर हात गार लागला. धाकू उभ्यानेच गेला होता. त्या दिवशी गावाला प्रसाद गोड लागला नाही.

आता पाचखोलात सिमेंटची घरं होतात. तरी स्लॅब भरून झाला की पंगत मांडण्याआधी घरधनी खांबाला हात लावतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो, "मेस्त्रीनू, खांब बसलो. आता तुमी बसा."