भिंतीवरचा हरेश्वर

एक नाव कोरलं तर किल्ला पडतो काय, असं मला विचारून तो भिंतीवर नाव कोरणारा गेला. उत्तर ऐकायला थांबला नाही. नाही पडत किल्ला. शेकडो वर्षं खारं वारं खाऊन उभा आहे, तुझ्या खिळ्याला काय भीक घालतोय. जातं ते दुसरंच काहीतरी. तुम्ही त्याच्याच बरोबरचे ना? मग तुम्ही ऐका.

ह्याच किल्ल्यात एकदा एक म्हातारा होता, बावतीस नावाचा. आतल्या चर्चचं छप्पर कधीच गेलंय, नुसत्या भिंती उभ्या आहेत. ते चर्च तो रोज झाडायचा. कुणी सांगितलं नव्हतं. तिथं जमिनीत फरशा आहेत, त्यांच्यावर नावं आहेत, खाली माणसं पुरलेली आहेत. फरशी झाडून झाली की म्हातारा तिच्यावर चाफ्याचं एक फूल ठेवायचा.

त्याच्या हाताखाली हरेश्वर शिकत होता. पोरगा नव्हे, दोन पोरांचा बाप. पाहुण्यांना किल्ला कसा दाखवायचा, कुठं काय सांगायचं, ते शिकत होता. एका दुपारी त्याच्या डोक्यात आलं, येणारा-जाणारा इथं नाव लिहून जातो, मी रोज घसा कोरडा करतो, मग माझंच नको? वेदीमागच्या गिलाव्यात त्यानं खिळ्यानं कोरलं, हरेश्वर. चांगलं वीतभर.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यानं बघितलं. ओरडला नाही. नावाखालची जागा झाडली, चाफा ठेवला, एक मेणबत्ती लावली आणि छातीवर क्रूस काढला.

"आजा, हे काय रे खूळ?" हरेश्वर हसला.

म्हातारा पुढच्या फरशीकडं गेला.

मग रोज तेच. चार दिवसांनी एक पाहुणी बाई आली. तिनं नावासमोर चपला काढल्या आणि ह्यालाच विचारलं, "हा हरेश्वर कधी वारला हो?"

ह्यानं हातानं नाव झाकलं.

"तुमचं कोण होतं का?" बाईनं हळूच विचारलं.

त्या रात्री ह्यानं भाताचं ताट बाजूला सारलं. घरी बायकोला म्हणाला, "मला नावानं हाक मार."

"नाव कसं घेऊ? लग्नात घेतलं तेवढं पुरे," ती म्हणाली. "अहो, जेवून घ्या."

आई-बाप गेलेले. पोरं बाबा म्हणायची, पाहुणे दादा म्हणायचे, म्हातारा तर बोलायचाच बंद झालेला. आपलं नाव कुणाच्याच तोंडात नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं. होतं ते फक्त भिंतीवर.

सकाळी तो धावतच चर्चमध्ये गेला. नावाखाली दोन मेणबत्त्या जळत होत्या.

"आजा, बस कर आता. दोन-दोन कशाला लावतोस?"

"मी एकच लावली," म्हातारा म्हणाला.

हरेश्वर नावासमोर खाली बसला. तेव्हा कुठं म्हातारा सगळं बोलला.

"ह्या फरशांवरची नावं त्या माणसांनी नाही कोरली, बाबा. मागं राहिलेल्यांनी कोरली. हाक मारली तरी ओ यायची बंद झाली, म्हणून कोरली. जित्या माणसाचं नाव लोकांच्या तोंडात असतं. ते तोंडात राहावं म्हणून माणूस राबतो, कुणाच्या उपयोगी पडतो. तू ते कष्ट टाळलेस आणि नाव भिंतीला दिलंस. मग मी तुला मेलेल्यांत धरलं. माझं काय चुकलं?"

मग म्हाताऱ्यानं मोठ्यानं हाक मारली, "हरेश्वर."

"ओ," हरेश्वर म्हणाला.

"ओ," असं भिंतीतूनही आलं. जरा उशिरा आलं, आणि आवाज त्याच्यासारखाच, पण थकलेला होता.

म्हाताऱ्यानं चुना कालवून दिला. हरेश्वरनं एकेक अक्षर बोटानं लिंपलं. शेवटच्या अक्षराला दुपार झाली. म्हाताऱ्यानं पुन्हा हाक मारली. ह्या वेळी ओ एकाच ठिकाणाहून आली.

त्यानंतर गावात ज्याचं अडेल त्याच्या दारात हरेश्वर मदतीला उभा राहायचा, आणि लोक त्याला नावानं हाका मारायचे.

तुमचा माणूस अजून नाक्यापर्यंतही पोचला नसेल. त्याला फोन लावा आणि मागं फिरायला सांगा, चुना मी कालवून ठेवतो. आत्ता लावा.