हरणीचा खुंटा

सांगा, सांगा म्हणून डोकं खाल्लंत, तर ऐका. मधे मधे "मग पुढे?" करायचं नाही.

एका मुलखात गोठा आणि कुरण यांच्यामध्ये काहीच नव्हतं. बाकीच्या मुलखांत मधे आडवा बांध असतो, तो ओलांडायचा तर अंगात रग लागते. इथे रवंथ करत बसलेली गाय नुसती उठली की कुरणात.

त्या कुरणात परमुलखातून आणून ठोकलेला एक बाभळीचा खुंटा होता. हरणी नावाची कालवड त्याच्यासोबतच आलेली, त्यालाच बांधलेली. एक दिवस दावं तुटलं, हरणी उधळली आणि कुरणभर धावत सुटली ती सुटलीच. जाताना "येते" एवढंही म्हणाली नाही. खुंट्याला दुसरं काही नको होतं. तिनं एकदा थांबून तेवढं म्हणावं, तीच माफी, बस्स.

बांधाच्या मुलखांत गाई पलीकडेच अडतात, म्हणून खुंट्याची हाक लांबवर जाते. धावणारं जनावर अडखळतं, वाकडं वळतं. इथे हाक मारायची खोटी, की बसलेल्या गाई उठून त्याला खेटून उभ्या राहायच्या. रीतच होती त्यांची. कुणी कण्हलं की तिकडे सरकायचं.

"उगी रे," त्यांच्यातली म्हातारी गाय बाणाई म्हणे. "आम्ही आहोत ना."

"तुम्ही आहात हाच तर वांधा आहे, बाणाई! सरका तिकडं. माझा आवाज तुमच्या पोटातच मुरतोय."

"बघा गं, किती लागलंय बिचाऱ्याला," म्हणून ती आणखी दोघींना बोलवी.

ओरडून ओरडून खुंटा थकला. शेवटी त्यानं तोंडच मिटलं. गाई कंटाळल्या, जागेवर जाऊन बसल्या. कुरण मोकळं झालं. लांबून खूर वाजू लागले. खुंट्यानं दम धरला. हरणी जवळ आली, तिच्या गळ्यातला दाव्याचा तुकडा हलताना दिसला, तेव्हा त्यानं होता नव्हता तो जीव एकवटून हाक मारली.

हाक पुरी व्हायच्या आत सगळा गोठा त्याच्याभोवती उभा होता.

पाठी, पाठी आणि पाठी. त्यांच्या पलीकडून खूर वाजत गेले. सरळ, एका लयीत, कुठेही न अडखळता. बाणाई मायेनं खुंट्याला चाटत राहिली. तिच्या जिभेखाली दाव्याचं उरलेलं टोक हलत होतं.

एक माफी अजून यायची आहे. हरणीची.