बिनधुराचा सायलेन्सर

घाटातला रस्ता अजून कच्चा होता, तेव्हाची गोष्ट. सहा सिलेंडरच्या एका जुन्या ट्रकला दस्तगीर मिस्त्रीने दुसरा सायलेन्सर जोडला. मालकाला ऐट हवी होती. तीन-तीन सिलेंडरांचा धूर दोन्ही सायलेन्सरांत वाटून द्यायचं काम मात्र "पुढच्या फेरीला बघू" म्हणून राहूनच गेलं.

नवा सायलेन्सर लखलखत होता. लोक बोट दाखवून म्हणत, "दोन-दोन सायलेन्सर! काय दम असेल गाडीत!" त्याला मात्र काही उमगेना. चढ लागला की शेजारचा जुना खोकून खोकून बेजार व्हायचा, आणि हा आपला थंडगार.

"दादा, माझ्यातून धूर का येत नाही?"

"मला विचारतोस?" जुना खेकसला. "सहाही जणांचा धूर माझ्याच नरड्यात कोंबलाय!"

आपलंच काही चुकतंय का, या विचाराने नवा पार भांबावला. शेवटी ऐन चढावर ट्रकचा श्वास कोंडला आणि तो बंद पडला. तेव्हा चिखलाची गोळी घेऊन एक कुंभारीण माशी नव्याच्या तोंडाशी आली.

"बाई, इथे घर नको, धुराने मराल!" तो घाबरून म्हणाला.

माशीने आत डोकावलं. "अहो, आत तर वाटच बंद आहे. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

तो काही बोलणार, तोच मालकाचा आवाज आला, "तो जुना सायलेन्सर आधी काढून फेका. त्यानेच गाडी अडवली!"