पूजेतले साहेब

गोदामातल्या कामगारांसाठी पाठीला बांधायचे यांत्रिक सांगाडे आले आणि मॅनेजर सबनीसांनी फर्मान काढलं, "हे यंत्र आहे. पाळी संपेपर्यंत उतरवायचं नाही, जेवतानासुद्धा." पट्ट्यांनी आनसाक्काच्या खांद्यांची सालटी निघाली, पण साहेबांना कोण सांगणार?

खंडेनवमीच्या यंत्रपूजेला साहेब फोटोसाठी स्वतःच सांगाडा चढवून मिरवत आले. आनसाक्कानं त्यांना हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, पायाशी लिंबू ठेवलं.

"आता हलायचं नाही साहेब. पूजलेलं यंत्र संध्याकाळपर्यंत हलवत नाहीत."

"अहो आक्का, मी माणूस आहे. भूक लागलीय मला."

"हां, तेच तुमच्या तोंडून ऐकायचं होतं," असं म्हणत आक्कानं आपले पट्टे सोडले. "उतरवा तुम्हीपण. भाकरी खाऊ."

साहेबांनी माळेसकट सांगाडा उतरवला. तेव्हापासून जेवताना सगळे सांगाडे खुंटीवर असतात.