भोपळ्यावरचा पोपट

एका गावाला नदी होती, पण पूल नव्हता. पूल नसला की गावाला दोन गोष्टी आपोआप येतात, पोहणं आणि वाट बघणं. मोठ्यांनी वाट बघणं घेतलं आणि पोहणं पोरांसाठी ठेवलं. त्यातून गावात पोरापोरींचं एक मंडळ निघालं. त्याचं नाव भोपळे मंडळ.

हसू नका. मास्तर परीक्षेत वाटतात ते भोपळे वेगळे. हे कडू भोपळे, कुंपणावर वाढणारे. ते वेलावरच जून होऊ द्यायचे, मग उन्हात वाळवायचे. आतल्या बिया खुळखुळ्यासारख्या वाजायला लागल्या की भोपळा तयार. असे दोन भोपळे काखेखाली बांधले की माणूस बुडत नाही, मग तो बुडायच्या लायकीचा का असेना.

मंडळाचं वर्षातलं मोठं काम एकच. अलीकडच्या काठावर आपटा उगवत नसे, म्हणून दसऱ्याला सकाळी नदी ओलांडायची आणि पलीकडच्या टेकडीवरून आपट्याच्या फांद्या आणायच्या. पोरं परत येईपर्यंत गावात कोणी कोणाला सोनं देत नसे, की श्रीखंडाच्या पातेल्यावरचं झाकण काढत नसे. म्हणजे असं सांगत. झाकणाखालून बोट घालून आलेली माणसं काठावर पुष्कळ असत.

जो कोणी पहिल्यांदा पलीकडे जाऊन फांदी घेऊन येई, तो मंडळाचा खरा सभासद. तोवर तो नुसता ओला.

मंडळाला कागदावरचे नियम नव्हते, कारण कागद भिजतो. पण जुन्या माणसांनी रीत घालून दिली होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ज्याचा भोपळा त्याने तो घंगाळातल्या पाण्यात दाबून धरायचा आणि शंभर मोजायचे. शंभरपर्यंत येत नसतील त्याने दहादा दहा मोजायचे. बुडबुडे आले तर भोपळा फुटका. दुसऱ्या दिवशी घाटावर म्होरक्या प्रत्येक भोपळा कानाशी धरून बोटाच्या पेराने ठोकायचा. चांगला भोपळा टणटण बोलतो, फुटका घसा बसल्यासारखा बोलतो. मग म्होरक्या पोराच्या आईला नाहीतर बापाला विचारायचा, "बुडवून पाहिला?" त्याचं उत्तर त्यांनी खरं द्यायचं, बाकी भोपळ्याला हात लावायचा नाही. हा प्रश्न पोराला विचारत नसत. पोरं खोटं बोलतात आणि आईबाप बोलत नाहीत, अशी त्या गावाची समजूत होती. आणखी एक, पाण्यात म्होरक्या सगळ्यांच्या मागे पोहायचा.

अशी पुष्कळ वर्षं गेली आणि कोणी बुडलं नाही. कोणी बुडलं नाही की माणसाला वाटायला लागतं, नदीच शहाणी झाली.

एका वर्षी एका हौशी आईने आपल्या लेकाच्या भोपळ्यावर गेरूने चार ठिपके काढले. दृष्ट लागू नये म्हणून, असं ती म्हणाली. पुढच्या वर्षी शेजारणीने आंब्याची पानं काढली. शेजारीण पानं काढते तर आपण का मागे राहायचं, म्हणून तिसरीने मोर काढला. तो बदकासारखा दिसत होता, पण पाण्यात जायचं होतं त्यामुळे चालून गेला. दोनचार वर्षांत साधा भोपळा आणणं म्हणजे अनवाणी लग्नाला जाणं झालं.

तेव्हाचा म्होरक्या पोहण्यात पटाईत होता, छाती भरदार, मन साफ. त्याला एकच खोड होती. कोणी चांगलं म्हटलेलं त्याला फार आवडे. त्याने सगळ्यांत सुंदर भोपळ्याला नारळाचं बक्षीस लावलं. त्या दिवसापासून त्याला घरोघरी पोहे मिळायला लागले, वर खोबरं जरा जास्त. एका घरून लाल फेटासुद्धा आला, चांगला बारा हात लांब.

आता गेरू, हळद, चुना हे काही पक्के रंग नव्हेत. पाणी लागलं की गेले. म्हणून रंगवलेला भोपळा कोणी आदल्या दिवशी बुडवेना. पेराने ठोकला तर मोराची मान पुसते, म्हणून म्होरक्या भोपळ्यापासून दोन बोटं दूर हवेतच ठोकी आणि मान डोलवी. आणि "बुडवून पाहिला?" असं त्याने विचारलं की आईबाप "हो" म्हणत, कारण मागच्यानेही "हो"च म्हटलेलं असे.

त्या गावात तानू नावाची बारा वर्षांची मुलगी होती. दोन वर्षं ती म्होरक्याच्या मागे लागली होती. पहिल्या वर्षी तो म्हणाला, तुझे हात छोटे. दुसऱ्या वर्षी म्हणाला, तुझी जीभ मोठी. तिसऱ्या वर्षी त्याच्याकडचे नकार संपले आणि त्याने तिला यायला सांगितलं.

तानूने भोपळे स्वतः वाढवले, स्वतः वाळवले. एकावर तिच्या आईने चाफ्याची फुलं काढली आणि दुसऱ्यावर पोपट. आईचा हात सुबक होता. पोपटाच्या डोळ्यापाशी आली तेव्हा तिथे तिला मोहरीएवढा खळगा दिसला. भुंग्याने पाडलेलं ते बारीक भोक होतं. आईला वाटलं, डोळ्याला जागा आयतीच मिळाली. तिने त्यात चुन्याचा ठिपका भरला, मधे काजळाचं बोट टेकवलं, आणि पोपट असा काही जिवंत झाला की आता मिरची मागेल.

संध्याकाळी तानूने घंगाळ भरून घेतलं. भोपळा उचलला तशी आईने तिचं मनगट धरलं.

"रंग जाईल ना गं. मी रंगवताना चारी बाजूंनी फिरवून बघितलाय. चांगला आहे."

तानूने घंगाळाकडे पाहिलं, मग पोपटाकडे. मग तिला नारळ आठवला. घंगाळातलं पाणी तिने गाईला पाजलं.

दसऱ्याला सकाळी सगळा गाव घाटाच्या पायऱ्यांवर बसला. दहा पोरं पाण्याला पाय लावून उभी होती. म्होरक्या लाल फेटा बांधून आला. त्याने तानूच्या भोपळ्याभोवती हवेत दोनदा ठोकलं आणि तिच्या आईला विचारलं, "बुडवून पाहिला?"

आईने एकदा पोपटाकडे पाहिलं. मागे एवढा गाव, पुढे एवढी पोरं, आणि श्रीखंड आंबट होत चाललेलं. "हो," ती म्हणाली.

नारळ पोपटाला मिळाला. तानूच्या आईने तो पदराखाली धरला आणि बदकवाल्या आईकडे अजिबात बघितलं नाही, म्हणजे चारदाच बघितलं.

पोरं पाण्यात उतरली. म्होरक्या या वर्षी सगळ्यांच्या पुढे होता. मागे राहिलं तर फेटा दिसत नाही, हे त्याने आदल्या दिवशी पाण्यात डोकावून ठरवलं होतं. फेटा भिजू नये म्हणून मान ताठ धरून तो पोहत होता. लांबून वाटे, पाण्यातून एक कोंबडा चाललाय.

इकडे रंग सुटायला लागले. गेरू वाहिला, हळद वाहिली, मोर गेला, आंब्याची पानं गेली. काठावर बाया हळहळल्या. चार दिवसांची मेहनत वाया, असं एक म्हणाली. निदान निम्म्या वाटेपर्यंत तरी टिकायला हवी होती, असं दुसरी म्हणाली. तानूची आईही पोपटासाठी हळहळत होती. पोपटाचे पंख गेले, चोच गेली, आणि शेवटी डोळा गेला.

डोळा गेला आणि भोपळा पाणी प्यायला लागला.

तानूला आधी वाटलं, आपण दमलो. मग डाव्या काखेखाली गुडगुड ऐकू आलं. ती डावीकडे कलली. भरलेला भोपळा खाली ओढत होता आणि चांगला भोपळा वर, आणि मधे तानू. दोरी भिजून आवळली होती, गाठ सुटेना. मागे वळून पाहावं तर मागे कोणी नव्हतं. मागे राहायची ज्याची रीत, तो पलीकडच्या काठाला लागला होता आणि आपट्याच्या पहिल्या फांदीला हात घालत होता.

काठावर रंगांची हळहळ चाललीच होती. पहिल्यांदा कळलं ते आईला. आपलं पोर नेहमी कसं हात मारतं ते आईला ठाऊक असतं. ती उठली, आणि नारळ पदरातून सुटून पायऱ्यांवरून टणटणत पाण्यात गेला. ती मोठ्याने म्हणाली, "तानू बुडतेय."

म्होरक्याने वळून पाहिलं. फांदी हातात होती, नुसती मोडायची बाकी होती. ती मोडायला जेवढा वेळ लागला असता, तेवढाही त्याने घेतला नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आतापर्यंत त्याच्याबद्दल वाईटच सांगितलं.

तो परत पाण्यात पडला. पण बुडतं माणूस वाचवणाऱ्याच्या गळ्याला मिठी मारतं आणि मग दोघं जातात, हे त्याला माहीत होतं. चार हातांवर थांबून त्याने डोक्यावरचा फेटा सोडला आणि त्याचं टोक तानूकडे फेकलं.

"मनगटाला गुंडाळ," तो म्हणाला. "माझ्याकडे येऊ नकोस. मी ओढतो."

तानूने गुंडाळलं. बारा हातांच्या फेट्याने एवढ्या दिवसांच्या मिरवण्यात केलं नव्हतं तेवढं काम त्या घटकेत केलं. बाकीची पोरंही वळली, दोघांनी भरलेला भोपळा खालून उचलून धरला, आणि सगळी मिळून घाटाला लागली. तानूने बरंचसं पाणी ओकलं आणि पायरीवर बसून राहिली.

फांदी मात्र एकही आली नव्हती. पोरगी जगली हे बघून झाल्यावर गावाला ते आठवलं. काहींना थोडं आधीच आठवलं होतं.

मग, गावाची पद्धत असते त्याप्रमाणे, दोष कोणाचा ते शोधणं सुरू झालं. कोणी म्हणालं भुंग्याचा. कोणी म्हणालं पोरीला घ्यायलाच नको होतं. बदकवाली आई म्हणाली की पोपट हा पक्षीच पाण्यातला नव्हे. म्होरक्या ओला फेटा पिळत होता. तानूची आई लेकीचे केस पुसत होती.

तानू म्हणाली, "मी बुडवून पाहिला नव्हता. घंगाळ भरून घेतलं होतं. मग मला नारळ हवा होता."

सगळे तिच्या आईकडे बघायला लागले. आईला वाटलं, आता म्हणावं की पोरीने मला सांगितलं नाही. शब्द ओठांपर्यंत आले. पण पोर थरथरत होती आणि तरी खरं बोलली होती.

"मीच बुडवू दिला नाही," आई म्हणाली. "आणि इथे हो म्हणाले."

म्होरक्या खाली बघत होता. "मी ठोकला नाही. ठोकल्यासारखं केलं," तो म्हणाला. "आणि मी मागे असायला हवा होतो."

तिघांचं बोलून झाल्यावर बाकीच्या नऊ पोरांचे आईबाप एकदम नदीकडे बघायला लागले, जणू तिथे काही चाललं होतं.

तानूच्या आईने तो भोपळा उचलला आणि पायरीवर आपटून फोडला. आतून पाणी आलं आणि त्याबरोबर बिया आल्या. तानूने मूठभर गोळा केल्या आणि एक म्होरक्यापुढे धरली.

"सोनं घे."

"ओलं आहे," तो म्हणाला.

"मीसुद्धा अजून ओलीच आहे," तानू म्हणाली. कारण ती पलीकडे पोचली नव्हती, आणि रीत ती रीत. म्होरक्याने बी घेतली आणि कनवटीला लावली. त्या दसऱ्याला गावाने एकमेकांना भोपळ्याच्या बिया दिल्या. श्रीखंड खाल्लं, पण जरा हळू खाल्लं.

बिया कुंपणाकुंपणावर उगवल्या. वर्ष गेलं. पुन्हा दसरा आला. तानू दोन साधे, मातकट भोपळे घेऊन घाटावर उभी राहिली. म्होरक्याने या वेळी नारळ आणला नव्हता, फेटाही नव्हता. त्याने भोपळे कानाशी धरले आणि पेराने ठोकले. एकदा ठोकून भागलं असतं, त्याने सातदा ठोकले. मग तानूच्या आईला विचारलं, "बुडवून पाहिला?"

मागे तोच गाव, तेच श्रीखंड. तानू म्हणत होती की पाहिला, अगदी शंभर मोजून पाहिला. आई म्हणाली, "पाहिला असेल. काल संध्याकाळी मी शेजारी गेले होते. मी बघितलेलं नाही."

काठावर कुरकुर झाली. कोणीतरी म्हणालं, हो म्हणून टाक की वहिनी, ऊन वर आलंय.

"ऊन वर येऊ दे," आई म्हणाली. "तानू, दाब पाण्यात."

तानूने नदीतच दोन्ही भोपळे दाबून धरले आणि मोजायला लागली. पंधराच्या पुढे म्होरक्याही मोजायला लागला. चाळिसाच्या पुढे पोरं, आणि सत्तरच्या पुढे सगळा घाट. नव्वदनंतर एक म्हातारा चुकला, त्याला सगळ्यांनी दुरुस्त केलं. शंभर झाले. एकही बुडबुडा आला नाही.

मग बदकवाल्या आईने आपल्या लेकाला कोपराने ढोसलं आणि म्हणाली, "तूही दाब रे."

अशी दहा पोरं, दहादा शंभर. मग ती पाण्यात उतरली, पुढे तानू आणि सगळ्यांत मागे म्होरक्या. आपट्याच्या फांद्या यायला दुपार टळून गेली. श्रीखंड आंबट झालं होतं, आणि गावाने ते वाटी पुसून खाल्लं.

त्या गावात भोपळे अजूनही रंगवतात. परत आल्यावर.

तात्पर्य: पोराने आपला भोपळा आपण बुडवून पाहावा, म्होरक्याने तो खरोखर ठोकावा आणि पाण्यात मागे राहावं, आईबापांनी काठावरून खरं बोलावं. तिघांनीही 'बाकीचे दोघं बघतील' असं म्हटलं, तर मग नदीच बघते.