डेव्हॅनी घराण्याचा स्वेटर

आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या एका गावात टायनन नावाच्या दुकानदाराचा मोठा तोरा होता. हातानं विणलेले लोकरी स्वेटर तो विकायचा, पण गिऱ्हाइकाचं कुळ विचारून. त्याच्या मते प्रत्येक कोळी घराण्याची वीण वेगळी आणि ती त्याच रक्ताच्या माणसानं अंगात घालावी.

त्या दुकानात मालवणचा धाकू तांडेल शिरला. सगळा जन्म बोटीवर गेलेला, त्यामुळे इंग्रजी कामापुरतं येत होतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलाचं तिथल्या डेव्हॅनींच्या मुलीशी लग्न होतं. व्याह्यांनी बजावलं होतं, "आमच्या विणीचा स्वेटर घालून या, म्हणजे गाव तुम्हाला आमचा माणूस मानेल."

धाकूनं दर्शनी काचेमागच्या स्वेटरकडे बोट दाखवलं.

टायनननं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तो डेव्हॅनींचा आहे. परक्याला मिळत नाही. तुम्ही तिकडचा साधा घ्या."

"परक्याला देतच नाही?"

"माझ्या बापानंही कधी दिला नाही!"

"मग तो घालून काचेमागं जो उभा आहे, तो डेव्हॅनींचा कोण? थोरला की धाकटा?"

"अहो, तो लाकडाचा पुतळा आहे!"

"ज्याला ना आई ना बाप, त्याला चालतो. आणि उद्या ज्याची सून डेव्हॅनींची, त्याला चालत नाही?"

दुकानातल्या बायका फिदीफिदी हसल्या. टायनन लालबुंद झाला आणि पुतळ्याच्या अंगातला स्वेटर ओढू लागला.

"सांभाळून," धाकू म्हणाला. "आमच्या पाहुण्यांचा खांदा निखळेल."